स्मेथिकचा एक देशी पब आणि पुन्हा उघडण्याचा वाद

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला लागून असलेल्या स्मेथिकमधल्या एका देशी पबविषयी मी हे लिहीत आहे. ऑगस्ट २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत मी तेथे पाच वेळा गेले, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी करोनाच्या साथीमुळे पबला लागू असलेले सरकारी नियम निराळे होते. पबचे नाव मी मालकांच्या विनंतीवरून लिहिलेले नाही. पब उघडला म्हणून एका बाजूच्या आणि उघडल्यावर नियम पाळायला लावले म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांचे त्यांनी या काळात इतके ऐकून घेतले आहे की, नव्या चर्चेत आपले नाव ओढले जाऊ नये असे त्यांना वाटते. हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना जागा ओळखता येईल. बाकीच्यांना निदान एखादा पब साथीच्या दिवसांत कशावरून पारखावा, हे माझ्या अनुभवावरून कळेल.

देशी पब म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. १९५० आणि १९६० च्या दशकांत ब्लॅक कंट्री या इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या ओतशाळांमध्ये काम करायला पंजाबातून हजारो माणसे आली. भट्टीसमोर आठ-दहा तास काढल्यावर तीही इंग्रज कामगारांप्रमाणेच बिअर प्यायला जात, परंतु अनेक पबमध्ये त्यांना आत घेतले जात नसे, किंवा घेतले तरी ठराविक खोलीतच बसवले जाई. हा भेदभाव जगाला दाखवून देण्यासाठी इंडियन वर्कर्स असोसिएशन या भारतीय कामगारांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना स्मेथिकला आणले होते. पुढे अशा भेदभावाविरुद्ध कायदा झाला, काळ बदलला, आणि चालेनासे झालेले पब पंजाबी कुटुंबांनीच चालवायला घेतले. त्यांनी मागच्या बाजूला तंदूर बसवला आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या माइल्ड बिअरबरोबर तापलेल्या लोखंडी तव्यावरचे मिक्स्ड ग्रिल, म्हणजे निरनिराळे भाजलेले मांस, मिळू लागले. ज्या खोलीत आपल्या वडिलांना बसू दिले जात नव्हते तिथे आज आपण मालक म्हणून उभे आहोत, ही जाणीव या लोकांना असते. पब बंद करण्याच्या आदेशाकडे ते केवळ धंद्याचे नुकसान म्हणून का पाहत नाहीत, हे त्यामुळे समजते.

आता माझी बाजू. मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये अतिदक्षता विभागासाठी भूल आणि वेदनाशामक औषधांचा साठा पुरवता पुरवता आमची जी अवस्था झाली होती, ती मी अजून विसरलेले नाही. जून महिन्यात पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्यसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात वय, लिंग, वस्ती इत्यादी गोष्टी लक्षात घेऊनही बांगलादेशी वंशाच्या लोकांचा मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट आणि भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन इत्यादींचा १० ते ५० टक्के अधिक दिसत होता. अशा वेळी ४ जुलैपासून इंग्लंडमधले पब उघडणार ही घोषणा ऐकून मला संताप आला होता. दोन मीटरचे अंतर शक्य नसेल तिथे काळजी घेऊन एक मीटर चालेल, असे त्या सवलतीचे स्वरूप होते. आणि दोन-तीन पेले पोटात गेल्यावर मीटर कोण मोजणार, हा माझा प्रश्न होता. माझ्या नवऱ्याचे मत नेमके उलट होते. तो चार महिने जेवणघरातल्या टेबलावर संगणक मांडून एकटा काम करत होता आणि शुक्रवारी संध्याकाळी चार माणसांत बसणे ही चैन नाही, गरज आहे, असे तो मनापासून म्हणे. आमच्या घरात तो वाद जितक्या तीव्रतेने झाला तितक्याच तीव्रतेने तो साऱ्या देशात चालला होता. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी सरकारला सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी प्राध्यापक ग्रॅहम मेडली यांनी शाळा उघडायच्या असतील तर कदाचित पब बंद करावे लागतील, असे सुचवले, आणि त्यानंतर पब की शाळा हा प्रश्न प्रत्येक घरात शिरला. आमचा मुलगा मार्चपासून घरी होता. मला त्यात निवड करण्यासारखे काहीच दिसत नव्हते.

तरीही ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आम्ही तिघे या पबमध्ये जेवायला गेलो. सोमवार ते बुधवार जेवणाच्या बिलात माणशी १० पौंडांपर्यंत निम्मी सूट देणारी सरकारी योजना तेव्हा चालू होती. या योजनेविषयी माझे मत आजही वाईट आहे: लोकांना बाहेर खायला पैसे द्यायचे आणि त्याच महिन्यात सावध राहा असे सांगायचे, हे एकमेकांशी जुळणारे नव्हते. शिवाय दारूला ती सूट नव्हती आणि जुलैत ५ टक्क्यांवर आणलेला मूल्यवर्धित करही दारूला लागू नव्हता, त्यामुळे ज्या लहान पबमध्ये केवळ पेय मिळते त्यांच्या हाती यातले फारसे काही लागले नाही. या पबला मात्र तंदूरने तारले.

जागा अशी आहे: रस्त्याच्या बाजूला लांबट बार, त्यामागे एक पायरी चढून जेवणाची खोली आणि तिच्या मागे विटांचे अंगण. जेवणाच्या खोलीला दोन्ही बाजूंनी जुन्या पद्धतीच्या वर सरकणाऱ्या खिडक्या आहेत आणि त्या सगळ्या उघड्या होत्या. बारच्या टेबलांमध्ये प्लास्टिकचे उभे पडदे लावले होते, दारात हात धुण्याचे द्रव होते, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या होत्या. म्हणजे त्या दिवसांत सगळीकडे दिसत असे ते सर्व. एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. संपर्क शोधण्यासाठी ग्राहकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक ज्या वहीत लिहून घेत होते, ती वही दाराजवळच्या टेबलावर उघडी पडलेली होती, आणि माझ्या आधी आलेल्या दहा-बारा जणांचे क्रमांक कोणालाही वाचता येत होते. मी मालकांना बोलावून हे दाखवले. त्यांनी वाद घातला नाही, मान हलवली आणि वही आत नेली. पुढच्या भेटीत सुट्या चिठ्ठ्या आणि कुलूप लावलेली पेटी होती. एवढ्या लहानशा गोष्टीवरून मी या पबवर विश्वास ठेवायला सुरुवात केली, कारण चूक दाखवल्यावर माणूस काय करतो हे नियमांच्या फलकापेक्षा मला अधिक सांगते.

मालकांना सगळे पाजी म्हणतात (पंजाबीत थोरला भाऊ), मीही म्हणते. बारच्या मागे बाटल्यांच्या फळीवर त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो आहे. एप्रिल २०२० मध्ये ते या आजाराने गेले. अंत्यसंस्काराला मोजकीच माणसे जाऊ शकली आणि गुरुद्वाऱ्यात जमणे शक्यच नव्हते. हे कळल्यावर मी न राहवून त्यांना विचारले की, घरात असे घडलेले असताना पब उघडण्याच्या बाजूने तुम्ही कसे बोलता. ते हिंदीत बोलत होते. त्यांचे म्हणणे मी माझ्या शब्दांत देते. भाऊ गेला तेव्हा त्याच्या मित्रांनी रडायचे तरी कुठे, असे त्यांनी मला विचारले. ही सगळी साठी-सत्तरीतली माणसे आहेत, काही विधुर आहेत, काहींची मुले लंडनला आहेत. त्यांना रोज कोणी नावाने हाक मारते ती याच दारात. पब बंद ठेवा असे टीव्हीवर सांगणाऱ्यांना हे माहीत नाही, आणि उघडा म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कोणी माझ्या भावाच्या अंत्यसंस्काराला नव्हते, असे ते म्हणाले. मी त्यावर काही बोलले नाही. माझे मत त्या दिवशी बदलले नाही. मात्र या वादातल्या दोन्ही बाजू एकाच माणसात असू शकतात, हे मी पहिल्यांदा पाहिले.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नियमांनी जी वळणे घेतली, त्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्या काळात या पबच्या सेवेची खरी परीक्षा झाली. १४ सप्टेंबरपासून सहापेक्षा अधिक जणांना एकत्र जमण्यास बंदी आली. दुसऱ्याच दिवसापासून बर्मिंगहॅम, सँडवेल (स्मेथिक यातच येते) आणि सॉलिहलमध्ये एका घरच्यांनी दुसऱ्या घरच्यांना घरी भेटण्यास मनाई झाली, पण पबमध्ये भेटण्यास नव्हती. माझ्या नणंदेला मी माझ्या स्वयंपाकघरात चहा देऊ शकत नव्हते आणि तिच्यासोबत पबमध्ये बसू शकत होते. हे धोरण मला कोणीही पटवून देऊ शकले नाही, आणि पब उघडे ठेवण्याच्या बाजूच्या लोकांनीही ते कधी मनापासून मांडले असे मला आठवत नाही. २४ सप्टेंबरपासून साऱ्या इंग्लंडमध्ये पब रात्री दहा वाजता बंद करण्याचा नियम आला, टेबलावरच सेवा देणे सक्तीचे झाले आणि बसलेले नसताना मुखपट्टी बांधणेही.

दहाच्या नियमाचा परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला. एरवी या पबमधून माणसे नऊपासून अकरापर्यंत एकेक करून निघतात. त्या शुक्रवारी पावणेदहाला शेवटची ऑर्डर, दहाला पाच मिनिटे कमी असताना सगळ्यांची बिले, आणि दहा वाजता आतली पन्नासेक माणसे एकदम फुटपाथवर. समोरच्या बसथांब्यावर शेजारच्या दोन ठिकाणांहून निघालेले लोकही जमले होते. दिवसभर पाळलेले अंतर पाच मिनिटांत नाहीसे झाले. नंतर प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांतून कळले की, सरकारच्याच वैज्ञानिक सल्लागार गटाने २१ सप्टेंबरला अशा वेळमर्यादेचा परिणाम अगदी थोडा होईल असे म्हटले होते, आणि त्याच बैठकीत थोड्या काळासाठी कडक टाळेबंदी करण्याचा पर्याय पुढे ठेवला होता. कडक उपाय नाकारायचा आणि ज्याचा उपयोग नाही तो सौम्य उपाय स्वीकारायचा, यात पबवाल्यांचेही भले झाले नाही आणि रुग्णालयांचेही नाही. मी तोपर्यंत निर्बंध म्हटले की बाजूने उभी राहत असे. त्या रात्रीपासून मी प्रत्येक निर्बंध कशासाठी आहे हे विचारू लागले, आणि माझ्या नवऱ्यानेही त्या रात्री घरी परतताना कबूल केले की, आतल्या बारमध्ये तीन तास बसल्यावर त्याचे डोके जड झाले होते आणि तिथली हवा काही बरी नव्हती.

दहाच्या गर्दीवर पाजींनी पुढच्या आठवड्यापासून स्वतःचा उपाय काढला. साडेआठपासून ते टेबलाटेबलावर जाऊन निघण्याची वेळ ठरवून घेऊ लागले: अंगणातले आधी, मग जेवणाच्या खोलीतले, शेवटी बारमधले. यात त्यांचा शेवटच्या तासाचा धंदा गेला. कायद्याने हे करण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती.

ऑक्टोबरच्या मध्यात निर्बंधांच्या तीन चढत्या स्तरांची पद्धत आली आणि आमचा भाग दुसऱ्या स्तरात गेला. आता पबच्या आतही फक्त आपापल्या घरच्यांबरोबर बसायचे होते. वेस्ट मिडलंड्सचे तेव्हाचे महापौर अँडी स्ट्रीट तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचेच, तरी त्यांनीही या निर्णयावर उघड नाराजी व्यक्त केली. त्याच आठवड्यात सांगलीहून बाबांचा फोन आला, तेव्हा महाराष्ट्रातही ५ ऑक्टोबरपासून बार निम्म्या क्षमतेने उघडले होते आणि मंदिरे बंद होती, त्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रे झडत होती. बाबा रोज मंदिरात जाणारे. तरीही मंदिर आताच उघडू नका म्हणणाऱ्यांत ते होते. इथे मी कोणाला सांगितले तर खरे वाटले नसते, इतके ते वाद एकसारखे होते.

त्या महिन्यातल्या भेटीत घडलेला एक प्रसंग मी मुद्दाम नोंदवते. पंचविशीतले चार तरुण दारात आले, चौघे एकाच घरात राहतो म्हणाले, आणि दारावरच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने पत्ता विचारताच दोघांनी दोन निरनिराळे पत्ते सांगितले. तिने आत सोडण्यास नकार दिला. त्यावर जी भाषा झाली ती मी येथे लिहिणार नाही. आत बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ओतशाळेतून निवृत्त झालेले, उठून त्या मुलांना ओरडू लागले की तुमच्यासारख्यांमुळे आम्ही मरतो. मुलांपैकी एक जण उलट म्हणाला की, मी प्लंबर आहे, सकाळपासून लोकांच्या पाच घरांत जाऊन आलो, तेव्हा कोणी अडवले नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते. पाजींनी मुलीला आत पाठवले, स्वतः दारात उभे राहिले, चौघांना आत घेता येणार नाही हे स्पष्ट सांगितले, आणि अंगणात दोन-दोन टेबले लांब मांडून तिथे बसायची तयारी असेल तर बसा, असे सुचवले. दुसऱ्या स्तरात बाहेर सहा जणांना बसता येत होते. थंडी होती, तरी ते बसले. मग पाजी त्या वृद्धांपाशी बराच वेळ बसले. नियम मोडू दिला नाही आणि कोणाला हाकलून दिल्याची भावनाही होऊ दिली नाही. पुढे त्या मुलीने काम सोडले, असे मला कळले. दारावर वाद घालण्याचे काम सरकारने पोलिसांवर नाही, तासाला थोडेसे मिळवणाऱ्या मुलांवर टाकले होते, याविषयी त्या काळात फार थोडे बोलले गेले.

५ नोव्हेंबरला पब बंद झाला तो १२ एप्रिल २०२१ पर्यंत. डिसेंबरमध्ये देशव्यापी टाळेबंदी उठली तेव्हा आमचा भाग तिसऱ्या स्तरात होता, जिथे केवळ बांधून नेण्याचे जेवण देता येत होते. दुसऱ्या स्तरातल्या पबमध्ये भरपेट जेवणाबरोबरच दारू देता येई आणि स्कॉच एग (मांसाच्या आवरणात तळलेले उकडलेले अंडे) म्हणजे जेवण होते की नाही, यावर मंत्री दूरचित्रवाणीवर बोलत होते. केवळ पेय देणाऱ्या पबना सरकारने नाताळसाठी एकदाच १,००० पौंड जाहीर केले. पाजींच्या स्वयंपाकघरातून आम्ही त्या हिवाळ्यात तीन-चार वेळा जेवण मागवले. ग्रिल बंद डब्यात वाफ धरून मऊ पडते, ते घरी मागवू नये.

एप्रिलमध्ये फक्त बाहेर बसण्याची परवानगी मिळाली. अंगणावर कापडी मांडव घातला होता आणि त्याच्या दोन बाजू पूर्ण मोकळ्या होत्या, कारण भिंतींचा निम्मा भाग उघडा असेल तरच ती जागा कायद्याने बाहेरची ठरत असे. हीटरची संख्या अपुरी होती, थंडी कडाक्याची होती, आणि सिझलरवरचे मांस टेबलावर येऊन पाच मिनिटांत गार झाले. त्या संध्याकाळच्या सेवेला मी चांगले म्हणू शकत नाही: चाळीस मिनिटे ऑर्डर घ्यायला कोणी आले नाही. परंतु त्याच महिन्याच्या १९ तारखेला बाथमध्ये एका पबमालकाने तेव्हाचे विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांना टाळेबंदीला विरोध केला नाही म्हणून आपल्या पबमधून निघून जायला सांगितले, त्या बातमीवरून आमच्या शेजारच्या टेबलावर वाद पेटला तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे एकाच मांडवाखाली, एकाच थंडीत बसून बोलत होती. सहा महिन्यांपूर्वीची कटुता त्यात नव्हती. लस आली होती, हे त्याचे मोठे कारण असावे.

शेवटची भेट सप्टेंबर २०२१ मधली. १९ जुलैला इंग्लंडमधले जवळजवळ सर्व कायदेशीर निर्बंध उठले आणि अनेक पबनी दुसऱ्या दिवशी सगळे पुसून टाकले. येथे प्लास्टिकचे पडदे गेले होते, जमिनीवरच्या पट्ट्याही गेल्या होत्या; पण जेवणाच्या खोलीत खिडक्या उघड्याच राहत होत्या, टेबलांची संख्या पूर्वीपेक्षा चारने कमी होती आणि भिंतीवर कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र लावलेले होते. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. हात, चेहरा आणि अंतर या सरकारी घोषवाक्यात ताज्या हवेचा शब्द मार्च २०२१ मध्ये आला, म्हणजे पब पहिल्यांदा उघडल्यानंतर जवळजवळ नऊ महिन्यांनी. तोपर्यंत आम्ही सगळे टेबले पुसत बसलो होतो आणि खिडक्या थंडीसाठी लावून घेत होतो. आम्ही जेवत असताना त्या खोलीतला आकडा ७०० च्या (हवेच्या दहा लाख भागांत ७०० भाग) आसपास होता. मी मुद्दाम पुढच्या बारमध्ये ते यंत्र नेऊन दाखवण्याची विनंती केली, तेव्हा शुक्रवारच्या गर्दीत तो १,६०० च्या वर गेला. १,५०० च्या पुढे हवा कोंदट समजावी असे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या सरकारी संस्थेचे मार्गदर्शन आहे. पाजींनी तो आकडा लपवला नाही. बारला खिडक्या नाहीत, एकच पंखा आहे, आणि नवा बसवण्याइतके पैसे अजून नाहीत, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा आजारी माणूस आहे त्यांनी पुढच्या बारमध्ये बसू नये, जेवणाची खोली मागून घ्यावी.

जेवणाविषयी: दोघांचे मिक्स्ड ग्रिल तेव्हा १८ पौंडांना होते आणि तिघांना पुरत असे. लँब चॉप्स उत्तम, त्यांना बडीशेपेचा हलका वास असतो आणि हाडाजवळचे मांसही कच्चे राहत नाही. सीख कबाब थोडे कोरडे. माशाची भजी अवश्य घ्यावीत, ओव्याचे प्रमाण अचूक आहे. नान दर वेळी जाड आणि अर्धवट भाजलेले मिळाले; तीन वेळा सांगूनही फरक पडला नाही. माइल्ड बिअर नवऱ्याच्या मते ताजी आणि योग्य थंड असते, नळ्या दर आठवड्याला धुतल्या जातात असे ते आपल्याला दाखवूनही देतात. जेवणाच्या खोलीकडे जाणाऱ्या पायरीला उतार नाही, त्यामुळे चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला नेमके त्या कोंदट बारमध्येच बसावे लागते. हा दोष त्यांनी पंख्याच्याही आधी दूर करावा, असे मी त्यांना सांगून आले आहे. लाकडी उतार चालेल का, असे त्यांनी मला विचारले आणि पायरीची उंची माझ्यासमोरच टेपने मोजली: सहा इंच.